अर्धी राहिलेली पदवी

बुधवार, ४ जून १९४७. सातारा

निकाल लागला. पेपरभर फाळणीची बातमी आणि आतल्या पानावर बारीक अक्षरांत आमचे नंबर. अण्णांनी भिंग घेऊन माझा शोधला. इंटर सायन्स, पहिला वर्ग. आईनं देवापुढं साखर ठेवली. रेशनची साखर, त्यामुळे चिमूटभरच. अण्णा खुर्चीतून उठले, आतल्या खोलीत गेले आणि हरीदादाच्या फोटोपुढं उभे राहिले. बराच वेळ. मग बाहेर येऊन म्हणाले, "झालं. आता पुणं."

मला वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील. ठेवतील सावकाश.

विलिंग्डन कॉलेजची दोन वर्षं मी सांगलीत चारूमावशीकडे काढली. तेव्हाच अशी वही करायचं मनात होतं, ते राहून गेलं. आता सुरू करते, कारण पुढं काय शिकायचं ते ठरायचं आहे आणि आमच्या घरात हा विषय मोठ्यानं बोलता येत नाही. बोलायला गेलं की कुणीतरी उठून आत जातं.

शुक्रवार, ६ जून

जरा नीट लिहून काढते, म्हणजे माझं मलाच कळेल.

हरीदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला होता. तीन वर्षांपूर्वी श्रावणात त्याला विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, झाला. अण्णा पोचले तेव्हा तो त्यांना ओळखत नव्हता. अण्णा इथल्या हायस्कुलात ड्रॉइंग आणि भूमिती शिकवतात. हरीदादा गेल्यावर दहा दिवसांनी ते शाळेत रुजू झाले आणि पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर हातानं असं वर्तुळ काढलं की मुलं बघत राहिली, असं तेव्हा सगळे सांगायचे. कुणी त्यांना रडताना पाहिलं नाही. मीही नाही.

त्याच वर्षी त्यांनी ठरवलं, शरूनं गणित घ्यायचं. मी घेतलं. मला गणित आवडतंच, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. आता ते म्हणतात, तेच कॉलेज, तीच शाखा. मुलींना मज्जाव आहे असं कुठं लिहिलेलं नाही, ते त्यांनी पाहून ठेवलंय. "त्याच्या वह्या आहेत, ड्रॉइंगचा बोर्ड आहे, पुस्तकं आहेत. सगळं तयार आहे," असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळतो.

सातारची कुठली मुलगी असे वडील असल्याबद्दल देवाचे आभार मानणार नाही? शेजारच्या विनोदिनीला मॅट्रिकनंतर घरी बसवलं. मला मात्र वडील पुढं ढकलतायत आणि माझे पाय जड झालेत. हा कृतघ्नपणा म्हणायचा का?

आईचं म्हणणं एकच: "सांगलीतच बी.एस्सी. कर. मावशी आहे. पुण्याला नको." का, ते सांगत नाही. आई जुन्या वळणाची. तिचा सगळा दिवस पाण्यात जातो. उकळायचं, गाळायचं, पुन्हा वरून तुरटी फिरवायची. कुणी माठात न विचारता भांडं बुडवलं की अंगावर येते. पूर्वी सोवळं-ओवळं इतकं कडक नव्हतं तिचं. वय होतंय.

रविवार, ८ जून

समोरच्या लीलाबाई अभिनंदनाला आल्या. त्यांना अण्णांचा बेत कळला. म्हणाल्या, "इलेक्ट्रिकल म्हणजे विजेचं ना? म्हणजे पोरीनं खांबावर चढायचं?" अण्णा म्हणाले, "खांब कुठं उभा करायचा ते ती सांगेल. चढणारे वेगळे." मला हसू आलं आणि अण्णांचा अभिमानही वाटला.

दुपारी हरीदादाची वही घेऊन बसले. काय सुरेख अक्षर! आकृत्यांना शाईचा एक डाग नाही. सगळं समजतं मला. पण पान संपलं की पुढचं उलटावंसं वाटत नाही. एखाद्या घरी पाहुणे म्हणून जावं, सगळे आदरानं वागवतात, तरी आपण आपल्या चपला कुठं काढल्यात ते लक्षात ठेवतो, तसं.

बी.एस्सी. करून कन्याशाळेत गणित शिकवायचं, हेही डोळ्यांपुढं आणून पाहिलं. वाईट नाही. पण वाईट नाही म्हणून आयुष्य घालवायचं?

बुधवार, ११ जून

आजचा दिवस चांगला गेला.

लालासाहेब माने हे म्युनिसिपालटीचे ओव्हरसियर, अण्णांचे बुद्धिबळातले जोडीदार. पावसाआधी कासचा पाट तपासायला जायचं होतं. कासच्या तळ्याचं पाणी डोंगरावरून या पाटानं साताऱ्यात येतं, हे लहानपणापासून ऐकत आलेय, पण पाट कधी पाहिला नव्हता. लालासाहेब म्हणाले, "मास्तर, पोरीला घेऊन चला. इंजिनिअर व्हायचंय म्हणता, तर चार मैल चालू दे." आम्ही पहाटे निघालो. यवतेश्वरच्या चढावर अण्णांना धाप लागली, पण थांबायला तयार नाहीत.

वर गेल्यावर गार वारं. करवंदं संपत आलेली, जांभळं खाली पडलेली. आणि डोंगराच्या कडेकडेनं, प्रत्येक घळीत वळत, प्रत्येक सोंडेवरून फिरत तो पाट. पाणी हातभर खोल असेल. मी वाकून बघत राहिले. चढ दिसत नाही, उतार दिसत नाही, आणि पाणी चाललंय. ना पंप, ना मोट.

"कोण ढकलतं याला?" मी विचारलं. शाळेत शिकलेलं सगळं विसरून विचारलं.

"कुणी नाही. उतार आहे," लालासाहेब म्हणाले. "फार दिला तर पाट खणून नेईल, कमी दिला तर गाळ धरेल. बेताचा द्यायचा. बघायचाय?"

त्यांनी तिवईवर दुर्बीण लावली. कोंडीबा नावाचा त्यांचा माणूस आकडे काढलेली उंच पट्टी घेऊन पुढं जाऊन उभा राहिला. मी डोळा लावला तर कोंडीबा वटवाघळासारखा आकाशात पाय करून लोंबतोय! मी किंचाळलेच. लालासाहेब हसून म्हणाले, "या दुर्बिणीत जग उलटंच दिसतं. आठवडाभरात सवय होते. आता आडवी तार कुठल्या आकड्यावर येते ते वाच."

वाचला. कोंडीबा पुढं सरकला. पुन्हा वाचला. दोन आकड्यांत बोटभर फरक. एवढ्या अंतरात बोटभर! तो बोटभर फरक धरून पाणी कासपासून आमच्या हौदापर्यंत येतं. मी आणखी एकदा बघते म्हटलं, मग आणखी एकदा. शेवटी कोंडीबा लांबून ओरडला, "आवं सायेब, बास की! हात लय अवघडला माजा."

अण्णा झाडाखाली बसले होते. येताना म्हणाले, "हरी असता तर म्हणाला असता, इथं छोटं टर्बाइन बसवू." मी हो म्हटलं. टर्बाइनचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

शनिवार, १४ जून

लालासाहेब बुद्धिबळाला आले. अण्णा शाळेतून यायचे होते. मी चहा देताना त्यांना विचारलं, पाटाचं काम शिकायचं तर कुठं शिकवतात. ते म्हणाले, "सिव्हिल. रस्ते, पूल, पाणी, गटारं. पुण्यात आहेच, पण यंदा सांगलीलाही नवं कॉलेज निघतंय, विश्रामबागेत. सध्या सिव्हिल तेवढंच. इमारतीचासुद्धा अजून पत्ता नाही म्हणतात. का गं?"

"सहजच."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तरांना सांगितलंस?"

"काय सांगायचं? मी सहज विचारलं."

"बरं," म्हणाले आणि सोंगट्या मांडायला लागले. 

सांगलीला अर्ज पाठवला. नुसता पाठवून ठेवलाय. 

सोमवार, १६ जून

अण्णा पुण्याला गेले. हरीदादाला शिकवायचे त्या प्रोफेसरांना भेटायचंय. कुणाकडे कधी शब्द टाकायचा नाही हा त्यांचा बाणा. फीमाफीसाठीसुद्धा ते कधी कुणाच्या दारात गेले नाहीत. आणि माझ्यासाठी गेले. जाताना कोटाला इस्त्री केली होती.

गुरुवार, १९ जून

अण्णा आले. प्रोफेसर म्हणाले, मुलीचे मार्क उत्तम आहेत, हरीची बहीण आहे, मी स्वतः बोलेन. अण्णांनी हे दारातूनच सांगितलं, पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. मग आंघोळीला गेले आणि न्हाणीघरातून गुणगुणणं ऐकू आलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तीन वर्षांत या घरात कुणी गुणगुणलेलं नाही.

जेवताना म्हणाले, "मग हरी, जुलैत..." आणि पुढं बोलत राहिले. चूक त्यांच्या लक्षात आली नाही. आई ताटाकडे बघत बसली. मी म्हटलं, "हो अण्णा."

हो म्हणून टाकलं. काय बिघडलं? मला इलेक्ट्रिकल जमेल. वाईट मार्क पडणार नाहीत. एक माणूस एवढ्यानं गाणं म्हणायला लागत असेल तर त्याच्यापुढं बोटभर उताराचं काय मोठंसं?

शुक्रवार, २० जून

काही लिहावंसं वाटत नाही.

रविवार, २२ जून

आज आईशी भांडले. तसं कारण काहीच नव्हतं. बाहेरून तहानलेली आले, माठात भांडं बुडवलं, ती ओरडली, आणि मी म्हटलं, "एवढं कसलं ग सोवळं? पुण्यात मी कुठं उकळत बसणार आहे?"

तिनं माठावर झाकण ठेवलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणूनच म्हणते ना, पुण्याला नको."

आणि तिनं सांगितलं. हरीदादा गेल्यावर त्याचं सामान आणायला तीही गेली होती, हे मला माहीत होतं. पण अण्णा ट्रंक बांधत होते तेव्हा ती खोलीच्या मागल्या दारी गेली. तिथं विहीर होती. "सुट्टीत आला की सांगायचा, आई, तिथलं पाणी काय गोड आहे, गार आहे. मी वाकून बघितलं. चार हातांवर सगळ्या बिऱ्हाडांची मोरी. कसलीच वाट नव्हती तिला. तिथंच मुरायची. मी काही शिकलेली नाही शरू, पण मला दिसलं ते."

"अण्णांना सांगितलंस?"

"त्यांना सांगून काय करू? मुलगा गेलेला माणूस. त्याला सांगू, की विहिरीनं गेला म्हणून?"

तीन वर्षं एकटीनं हे धरून ठेवलंय तिनं. मी याला सोवळं समजत होते.

एक गोष्ट इथंच लिहिते, दुसरीकडे कुठं बोलणार नाही. आई रडत सांगत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या परसाचं चित्र उभं राहत होतं. मोरी वरच्या अंगाला की खालच्या? जमीन कुणीकडे उतरते? मोरीला दुसऱ्या बाजूनं वाट काढून दिली असती तर किती खणावं लागलं असतं? मला हे थांबवता आलं नाही. माझ्या सख्ख्या भावाचं मरण आणि मी उतार काढत बसले. माझी मलाच लाज वाटली.

मंगळवार, २४ जून

सांगून टाकलं.

सकाळी शाळेला सुट्टी होती. अण्णा हरीदादाच्या बोर्डाला पॉलिश करत होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "अण्णा, मला पुण्याला जायचं नाही. सांगलीच्या नव्या कॉलेजात सिव्हिल घ्यायचंय. त्यांनी भेटीला बोलावलंय."

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग म्हणाले, "आईनं भरवलं का हे?"

"नाही. मला कासचा पाट बघून वाटलं."

"एक दिवस पाट बघितलास. तेवढ्यावर?" आवाज चढला नव्हता, पण फडकं हातातून सुटलं. "परवा हो म्हणालीस. मी त्या माणसापुढं जाऊन उभा राहिलो, शरू. आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिलो. आणि सिव्हिल कशासाठी? गटारं मोजायला?"

"हो. गटारंसुद्धा."

"हरीनं अर्ध्यावर टाकलंय ते कोण पुरं करणार?"

याला उत्तर काय द्यायचं हे मी रात्रंदिवस घोकलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. तोंडातून निघालं ते असं, "ते त्याचं होतं, अण्णा. मी पुरं केलं तरी ते त्याचं होणार नाही. आणि माझंही होणार नाही."

ते उठले, टोपी घातली आणि निघून गेले. जेवायला आले नाहीत. लालासाहेबांकडे नव्हते. शाळेचा शिपाई सांगून गेला, मास्तर ड्रॉइंगच्या वर्गात एकटेच बसलेत, दार लावून.

दुपारी आईनं पदर खोचला, लुगडं सारखं केलं आणि म्हणाली, "मी येते जाऊन." आई एकटी कधी कोपऱ्यापलीकडे जात नाही. हायस्कुलात तर इतक्या वर्षांत तिनं पाऊल ठेवलेलं नाही. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाली, "तू नको. तुझं नाही हे."

दिवेलागणीला दोघं आली. भर रस्त्यानं, शेजारी शेजारी चालत. नेहमी आई चार पावलं मागं असते. लीलाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. अण्णांचा चेहरा पांढराफटक होता. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, आईनं उकळून ठेवलेल्या पाण्याचं भांडं घेतलं, आणि हातात धरून नुसते उभे राहिले. प्यायले नाहीत.

काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, "चारूला कळवायला हवं, पोरगी पुन्हा येतेय म्हणून." एवढंच.

पुण्याच्या प्रोफेसरांना काय सांगणार, विचारायचं माझं धाडस झालं नाही.

शुक्रवार, ४ जुलै. सांगली

सर्व्हिस मोटारनं सातारारोड, तिथून गाडीनं मिरज, मग सांगली. अण्णा बरोबर होते. गाडीत त्यांनी पेपर वाचला, माझ्याशी बोलले ते पाणी, डबा आणि खिडकीतली धूळ एवढ्यावरच.

भेटीच्या खोलीत प्रिन्सिपॉल आणि आणखी दोघं. एकानं विचारलं, "सर्व्हेला उन्हात दिवसभर हिंडावं लागतं. साडी नेसून जमेल?" मी म्हटलं, "शेतात भांगलणीला बायका उन्हात दिवसभर लुगडं नेसूनच असतात." प्रिन्सिपॉल हसले. मग त्यांनी विचारलं, "सिव्हिलच का?" इथं मी अडखळले. पाटाचं सांगितलं, दुर्बिणीतल्या उलट्या कोंडीबाचं सांगितलं, आणि हे काय बोलतोय आपण असं वाटून गप्प झाले. ते म्हणाले, "वर्ग कुठं भरतील ते अजून नक्की नाही. खडू, फळा, तुम्ही आणि आम्ही, एवढं नक्की. चालेल?" चालेल म्हटलं.

बाहेर अण्णा कडुलिंबाखाली उभे होते. घेतलं म्हणून सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. मावशीनं पुरणाचा बेत केला होता. अण्णांना सुट्टी नव्हती असं नाही, पण जेवून लगेच परतले.

मला हवं ते मिळालं. मग आनंद का होत नाही?

शुक्रवार, १५ ऑगस्ट

स्वातंत्र्य. सांगलीत केवढी गर्दी, केवढे पताकांचे दोर. मावशीच्या गल्लीत पेढे वाटले. आम्ही वर्गातले सगळे मिळून झेंडावंदनाला गेलो. मुलं पुढं, मी जरा मागं. एकजण म्हणाला, "मिस थत्ते, तुम्ही पुढं या, मागं दिसणार नाही." ती मंडळी महिनाभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. झेंड्याचा खांब कलता आहे, हे आम्हा सगळ्यांच्याच एकदम लक्षात आलं आणि हसू आवरेना. 

पंजाबच्या बातम्या फार वाईट आहेत.

पहिली ड्रॉइंगची शीट नापास होऊन परत आली. भूमितीच्या मास्तरांची मुलगी! दुसरी काढतेय.

रविवार, २४ ऑगस्ट

अण्णा आले. कळवलं नव्हतं. दुपारी दारात उभे, हातात छत्री आणि आईनं दिलेला चिवडा.

चहा झाल्यावर म्हणाले, "जरा फिरून येऊ." कृष्णेला पूर आलाय, सगळी सांगली आयर्विन पुलावर पाणी बघायला लोटलेली. आम्हीही कठड्याशी जाऊन उभे राहिलो. खाली लाल पाणी, त्यात ओंडके, एक गवताची गंजी तशीच्या तशी वाहत आलेली.

गंजी पुलाखालून गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय शिकवतात सध्या?"

इतकं साधं विचारलं, पण मला आधी नीट ऐकूच आलं नाही. माझ्याबद्दल त्यांनी असं काही विचारल्याचं मला आठवत नाही. मी सांगायला लागले. लेव्हलिंग, कासला दुर्बिणीतून उतार मोजला तेच, सुरू झालंय, एका ठिकाणाहून निघून आकडे घेत घेत परत तिथंच यायचं, आणि बेरीज जुळली नाही तर सगळं पुन्हा. आमच्या गटाची दोनदा चुकली. ते मधेमधे विचारत होते. चूक कुठं झाली ते कसं शोधता? उलटं दिसतं तर आकडा चुकत नाही का? या पुलाचे खांब पाण्याखाली किती खोल असतील? मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. जे येत नव्हतं ते येत नाही म्हटलं. "शिकशील," ते म्हणाले.

मग मी खांबांबद्दल काहीतरी बोलत होते आणि त्यांचा आवाज आला, "शरू."

"काय अण्णा?"

"हरी गेला गं."

जणू हे आत्ताच घडलं होतं. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ते रडायला लागले. आवाज न करता नाही, मोठ्यानं, लहान मुलासारखे. लोक वळून बघत होते. एका शेतकऱ्यानं विचारलं, "काय झालं वो बाई? कुणी वाहून गेलं का?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच माहीत नाही. पाऊस आला. मी त्यांच्या हातातली छत्री घेतली, उघडली आणि त्यांच्यावर धरून उभी राहिले. दुसरं काय करायचं सुचलं नाही.

रडणं थांबल्यावर त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "चल, मावशी वाट बघत असेल." वाटेत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. घरापर्यंत काढला नाही. 

आत्ता पडवीत झोपलेत, घोरतायत. उद्या सकाळच्या गाडीनं जायचं म्हणतात. मावशीला काही सांगितलेलं नाही.

तीन वर्षं गेली. आजच का, आणि माझ्याजवळच का, मला कळत नाही. मी तर नुसती लेव्हलिंगबद्दल बोलत होते.